कात्रीतून जन्मलेला राजपुत्र

जर्मनीतले ट्यूबिंगेन हे गाव आपल्याकडच्या सहलींच्या कार्यक्रमात सहसा नसते. स्टुटगार्टहून रेल्वेने तासाभरात तिथे पोहोचता येते. नेकार नदीच्या काठाला दाटीवाटीने उभी असलेली रंगीत घरे, लांब काठीने ढकलायच्या होड्या, वर टेकडीवर किल्ला आणि जिकडेतिकडे सायकलवरचे विद्यार्थी. विद्यापीठ १४७७ सालचे. मल्याळम भाषेचा कोश रचणारे हेर्मान गुंडर्ट इथेच शिकले आणि त्यांचा नातू, 'सिद्धार्थ' लिहिणारा हेर्मान हेस, याने इथल्याच एका पुस्तकांच्या दुकानात उमेदवारी केली. भारतीय माणसाला वाट वाकडी करायला एवढे निमित्तही पुरे!

पण खरे पाहायचे ते जुन्या गावातल्या कोर्नहाउसमध्ये. पंधराव्या शतकातले हे धान्याचे कोठार आता नगर संग्रहालय झाले आहे. इथे एक दालन आहे लोटे रायनिगर या बाईंचे. काळ्या कागदाच्या आकृत्या, बोटाएवढे हात, जाळीदार मुकुट. हे सगळे साध्या कात्रीने कापलेले आहे यावर विश्वास बसत नाही.

लोटेबाईंचा जन्म बर्लिनचा, १८९९ चा. १९२३ साली जर्मनीत महागाईचा भडका उडाला होता. पैसा हातात ठेवण्यात अर्थ नाही म्हणून लुई हागेन नावाच्या बँकरने कोऱ्या फिल्मचा साठा घेऊन ठेवला. त्यातून पूर्ण लांबीचा चित्रपट करण्याची कल्पना त्याने लोटेबाईंपुढे मांडली आणि पॉट्सडॅममधल्या आपल्या गॅरेजचा माळाही दिला. माळा इतका बुटका, की त्या जुन्या मोटारीच्या सीटवर गुडघे टेकून काम करीत.

पद्धत अशी : काचेचे टेबल, त्याखाली दिवा, वर टांगलेला कॅमेरा. माणसाचे डोके, दंड, मनगट, मांडी असे तुकडे काळ्या पुठ्ठ्यातून आणि शिशाच्या पातळ पत्र्यातून वेगवेगळे कापायचे नि बारीक तारेने सांध्यांत जोडायचे. मग हात किंचित हलवायचा, एक चित्र टिपायचे, पुन्हा किंचित हलवायचा. सेकंदाला चोवीस चित्रे! मागचे डोंगर नि महाल पतंगाच्या कागदासारख्या पातळ कागदाचे. जितके थर जास्त, तितका काळोख दाट.

तीन वर्षे हे चालले. पती कार्ल कोख कॅमेऱ्यापाशी, आणखी दोनचार मदतनीस. सुमारे अडीच लाख चित्रे टिपली, त्यांतली ९६ हजार वापरली. १९२६ च्या मे महिन्यात बर्लिनमध्ये 'राजपुत्र अहमदची साहसे' पडद्यावर आला. डिस्नेचा 'स्नो व्हाइट' त्यानंतर अकरा वर्षांनी आला. गोष्ट अरबी सुरस कथांतलीच. उडणारा घोडा, परी, अल्लाउद्दिन, दुष्ट जादूगार. त्या काळ्या आकृत्यांना नाकडोळे नाहीत, तरी परी लाजते तेव्हा आपल्याला कळते. (आजच्या कित्येक झगमगीत कार्टूनांना हे जमत नाही, असे आमचे मत.)

पुढचा काळ मात्र वाईट. नाझी राजवट आली तसे हे दांपत्य देश सोडून भटकू लागले; कुठेच कायमचा आसरा मिळेना. १९४४ मध्ये आजारी आईसाठी बाईंना बर्लिनला परतावे लागले. युद्धाच्या धुमाळीत 'अहमद'ची मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. आज आपण पाहतो तो चित्रपट परदेशी उरलेल्या प्रतीवरून पुन्हा जुळवलेला. ज्या घराच्या गॅरेजवर तो तयार झाला त्या घरातला मुलगा, त्याचेही नाव लुई हागेन, कोवळ्या वयातच छळछावणीत डांबला गेला होता. तो वाचला, इंग्लंडला गेला आणि १९५० नंतरच्या दशकात त्यानेच लंडनमध्ये लोटेबाईंच्या छायाचित्रपटांसाठी कंपनी उभी केली. त्या कंपनीच्या 'शूर शिंपी' या छोट्या चित्रपटाला १९५५ साली व्हेनिसमध्ये पारितोषिक मिळाले.

आयुष्याच्या अखेरीस बाई ट्यूबिंगेनजवळच्या डेटेनहाउसेन या खेड्यात राहायला आल्या आणि १९८१ मध्ये तिथेच वारल्या. कोठारात हे दालन आहे ते त्यामुळे.

सुट्टीत घरच्या मुलांना हा खेळ लावून द्यायला हरकत नाही. दोन स्टुलांवर काच, खाली दिवा, काचेवर पांढरा कागद, वर घट्ट बांधलेला मोबाइल. पहिल्या दिवशी आकृतीने नुसता हात वर करावा, एवढेच ठरवा. दिवा मात्र जागचा हलवू देऊ नका, नाहीतर चित्र लुकलुकते.