मनीची नजरकैद

शनिवारची सकाळ. बाहेर पाऊस, हातात चहा, आणि समोर आमची मनी फरशीवर उताणी पडून एका कापडी उंदराला मागच्या दोन्ही पायांनी लाथा घालतेय. तोंडातून लाळ गळतेय, नजर कुठेतरी भलतीकडेच. रिलीजच्या रात्रीनंतर आमच्या टीममधल्या काही मंडळींना मी ह्याच अवस्थेत पाहिलंय, त्यामुळे फारसं आश्चर्य वाटलं नाही.

उंदरात कॅटनिप आहे. म्हणजे पुदिन्याच्या कुळातल्या एका झाडाची वाळवलेली पानं. त्यातल्या नेपेटालॅक्टोन नावाच्या द्रव्याचा वास गेला की मांजर लोळायला लागतं. साधारण दहा मिनिटांत खेळ खलास. मग पुढे बराच वेळ तोच उंदीर नाकापुढे धरला तरी बाईसाहेब ढुंकून बघत नाहीत. सगळ्याच मांजरांना हे चढतं असंही नाही. तीनातल्या साधारण दोघांना चढतं, आणि ते म्हणे आईबापांकडूनच येतं. असाच परिणाम करणाऱ्या एका जपानी वेलीवर तिथल्या इवाते विद्यापीठातल्या लोकांनी काम केलं. २०२१ साली त्यांनी दाखवलं की ही पानं अंगाला चोळलेल्या मांजरांवर डास कमी बसतात. म्हणजे आपल्याला वाटतं नशा, आणि ह्या लावतायत ओडोमॉस!

असो. हा उंदीर घरात का आला, ते सांगायचंय.

मनी माझ्याकडे आल्यापासून मोकळीच. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. गॅलरीतून पेरूच्या झाडावर, झाडावरून पार्किंगमध्ये. मी सकाळी नऊला बाहेर पडणार ते रात्री नऊला उगवणार. एवढा वेळ तिला कोंडून ठेवणं म्हणजे पाप, असं मी स्वतःला सांगायचो. ऑपरेशन झालं होतं, लसी झाल्या होत्या, त्यामुळे मी निर्धास्त.

एप्रिलमध्ये मनी दोन रात्री आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली ती लंगडत, शेपटीच्या मुळाशी लिंबाएवढं गळू घेऊन. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, "बोका चावलाय." गळू फोडलं, अँटिबायोटिक दिलं. मला वाटलं, सुटलो. तर ते म्हणाले, "एफआयव्हीची टेस्ट करू या." हा मांजरांमधला, एचआयव्हीचा भाऊबंद. माणसाला होत नाही, पण मांजरांमध्ये मुख्यतः अशा खोल चाव्यांतूनच पसरतो.

टेस्ट निगेटिव्ह आली. पण अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे लगेचच्या टेस्टचा भरवसा नाही. साठ दिवसांनी परत या, आणि तोवर घराबाहेर पाऊल नको.

झालं. मनीची नजरकैद सुरू. पहिला आठवडा रोज पहाटे तीनला गॅलरीच्या दाराशी बसून असा टाहो फोडायची की खालच्या काकूंनी एकदा काळजीने विचारलं, "सगळं ठीक आहे ना रे?" अपराधी वाटून मी रात्री दोनला हा उंदीर ऑर्डर केला.

चिपळूणला आईला फोनवर हे सगळं सांगितलं, तर तिला कॅटनिप नवीन नव्हतंच. "म्हणजे आपल्या खोकलीसारखंच. बाग बेणताना उपटली की मांजरं तिच्या मुळांवर लोळायची, आठवत नाही?" आणि मग मूळ मुद्दा. "अरे, पण मांजराला कधी कोंडून ठेवतात का? आपली सगळी मोकळीच होती. काय झालं त्यांना?"

"काय झालं गं?" मी खरंच विचारलं.

"ठिपकी एसटीखाली गेली. काळूने शेजारच्यांचं उंदराचं औषध खाल्लं. वाघ्या असाच कुठेतरी गेला. मांजर मरायला लांबच जातं."

"आणि म्हातारी होऊन कोण गेलं?"

फोनवर बराच वेळ शांतता. "सोनी. बारा वर्षं जगली बघ."

माझ्या डोक्यात 'मोकळं मांजर' म्हटलं की सोनीच. कौलांवर ऊन खात पडलेली, कुणाची पर्वा नसलेली. बाकीच्यांची मला नावंसुद्धा आठवत नव्हती.

१९८७ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास छापला. उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के वाचली, आणि गंमत म्हणजे सात मजल्यांच्या वरून पडलेल्यांना लागलं कमी. त्यावर एक साधा आक्षेप घेतला गेला : जी जागेवरच मेली, त्यांना दवाखान्यात आणलं कोणी? आम्ही रोज लॉग वाचून पोट भरणारी माणसं. जो सर्व्हर पूर्ण झोपला त्याचा एररसुद्धा लॉगमध्ये येत नाही, हे मला पाठ आहे. पण स्वतःच्या मांजराच्या बाबतीत मी फक्त परत आलेल्या दिवसांचाच लॉग वाचत होतो.

आणि खरं सांगायचं तर तिचं स्वातंत्र्य ही माझी सोय होती. ती बाहेर असली की मला तिच्याशी खेळावं लागायचं नाही. दहा मिनिटांचा उंदीरही तसाच, माझी सोय. त्याने दिवसाचे उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटं भरत नाहीत.

म्हणून आता गॅलरीला जाळी मारलीय, खिडकीशी फळी ठोकलीय. सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं दोरीला पीस बांधून मी घरभर धावतो. जिमचे पैसे वाचले.

गेल्या शनिवारी दुसरी टेस्ट झाली. निगेटिव्ह. घरी येऊन टोपली उघडली, तर मनी थेट जाळीपाशी जाऊन पेरूकडे बघत बसली. दार उघडावं असं वाटलं मला. अगदी मनापासून वाटलं.

नाही उघडलं. पीस काढलं.