दहावीची सुट्टी आणि पंधराशे रुपये

परवा मावशीचा फोन. तिच्या लेकाला दहावीनंतरच्या सुट्टीत कुठेतरी काम करायचंय. "तू समजाव त्याला, एवढी काय वेळ आलीये आपल्यावर?" मला हसूच आलं. २०१३ च्या मे महिन्यात आईने मला हेच ऐकवलं होतं!

तरी मी मेन रोडवरच्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात महिनाभर राबलो. पगार पंधराशे. शाळा सुरू व्हायच्या आधी तिथे याद्या घेऊन आलेल्या पालकांची काय झुंबड उडते ते नाशिककरांना सांगायला नको. रात्री पाय भरून यायचे. शिवाय मालकांची बोलणी... पण ती मला नाही, बरोबरच्या मुलाला. चूक माझी असली तरी! मी बाबांच्या ओळखीचा ना. तो माझ्याच वयाचा, पगारातून अकरावीची फी भरणार होता. मी गप्प बसायचो. माझ्या पंधराशेचे मी बूट घेतले.

असो. मावसभाऊ सोळाचा आहे, म्हणजे धोक्याचं काम नसेल तर कायद्याची आडकाठी नाही. आणि कर्मवीर भाऊरावांनी 'कमवा आणि शिका' रुजवलं त्या महाराष्ट्रात 'वेळ आली' कसली? मावशीला म्हटलं, करू दे की. फक्त ओळखीच्या दुकानात नको.

"अगंबाई, मग ओळखी कशाला असतात?"

त्या दिवाळीत वही घ्यायला मी त्याच दुकानात गेलो होतो. भर दुपारी, कॉलेजच्या वेळेत. तो काउंटरमागेच होता. फीचं विचारायचं धाडस झालं नाही.