गोंदलेला सेनापती

अकराव्या शतकात चीनच्या सुंग दरबारात लष्करी खात्याचा सर्वोच्च अधिकारी असा एक पुरुष होता, ज्याच्या चेहऱ्यावर साध्या शिपायाचे गोंदण होते. ना त्याने बंड केले, ना लढाई गमावली. तरीही त्याला पदावरून जावे लागले. दी छिंग (इ.स. १००८–१०५७) याची ही कथा. (१/८)

आधी दरबाराची भीती समजून घ्यावी लागेल. ७५५ मध्ये सेनापती आन लुशानच्या बंडाने थांग साम्राज्य खिळखिळे झाले. पुढे ९०७ ते ९६० या ५३ वर्षांत उत्तर चीनमध्ये पाच घराणी आली आणि लयास गेली. सुंग घराण्याचा संस्थापक चाओ ख्वांगयिन हाही सेनापतीच. सैन्यानेच त्याला सिंहासनावर बसवले होते. (२/८)

ज्या वाटेने आपण आलो, ती वाट त्याने मागून येणाऱ्यांसाठी बंद केली. सैन्य हलवण्याचा अधिकार एका खात्याकडे, प्रत्यक्ष नेतृत्व दुसऱ्यांकडे. परीक्षा उत्तीर्ण झालेले विद्वान राज्यकारभाराचे धनी झाले आणि तलवारीची प्रतिष्ठा ओसरली. शिपायाने पळून जाऊ नये म्हणून त्याचा चेहराच गोंदला जाई. (३/८)

दी छिंग याच तळातून वर आला. पश्चिम शिया राज्याविरुद्ध चार वर्षांत तो २५ लढाया लढला आणि आठ वेळा बाणांनी जखमी झाला. मोकळे केस आणि तोंडावर काशाचा मुखवटा, अशा वेषात तो शत्रूवर तुटून पडे. फान चोंगयान या विद्वान मंत्र्याने त्याच्या हाती इतिहासग्रंथ दिला. दी छिंगने अध्ययनही मनापासून केले. (४/८)

सम्राट रेनचोंगने त्याला औषधाने गोंदण पुसून टाकण्यास सुचवले. दी छिंगने नम्रपणे नकार दिला. साध्या शिपायालाही कर्तृत्वाने इथवर येता येते, हे सैन्याला दिसत राहावे, अशी त्याची इच्छा होती. (५/८)

१०५२ मध्ये दक्षिणेत नोंग चिगाओने उठाव केला. दी छिंगने मुक्काम लांबणार असल्याचा आभास निर्माण केला, अकस्मात खुनलुन खिंड ओलांडली आणि १०५३ मध्ये विजय मिळवला. सोनेरी वस्त्रातील एका प्रेताला लोक चिगाओचे प्रेत म्हणू लागले. पण खात्री नसताना दरबाराला तसे कळवण्यास त्याने नकार दिला. (६/८)

याच विजयानंतर तो लष्करी खात्याचा प्रमुख झाला, आणि संशयही तिथूनच वाढला. ओउयांग शिऊसारख्या थोर साहित्यिकाने सम्राटाकडे त्याला दूर करण्याची मागणी केली. युक्तिवाद विलक्षण होता: अपराध घडलेला नाही, पण सैनिकांचे त्याच्यावर फार प्रेम आहे. १०५६ मध्ये त्याला राजधानीबाहेर धाडण्यात आले. पुढच्याच वर्षी तो वारला. (७/८)

विद्वानांची भीती निराधार नव्हती. मागच्या ५३ वर्षांचा इतिहास त्यांच्या बाजूने होता. तरीही प्रश्न उरतो. घडलेल्या गुन्ह्याचा न्याय करता येतो, पण संभाव्य गुन्ह्याच्या आरोपातून निर्दोष माणसाने सुटावे कसे? सैन्यावर नागरी अंकुश हवाच. मात्र तो अंकुश निष्ठा आणि महत्त्वाकांक्षा यांतला भेद ओळखू शकला नाही, तर राज्य आपल्याच रक्षकाला गमावते. ज्या गोंदणाने शिपायांना आशा दिली, तेच दरबाराला खुपले. (८/८)