तीन हात नाका, पुलाखाली

ठाण्याचा तीन हात नाका म्हणजे ट्रॅफिकचं माहेरघर. वर ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेचा पूल, खाली चहूबाजूंनी हॉर्न. मी डोंबिवलीकर, ऑफिस वागळे इस्टेटला. त्यामुळे लोकलमधून सुटका झाली की हा नाका ठरलेलाच. सिग्नल लाल झाला, की गजरे, फुगे, गाडी पुसायची फडकी घेऊन पोरं पुढ्यात हजर. आणि शेअर रिक्षातली आपली मंडळी? आधी पर्स मांडीवर ओढून घेतात.

याच पुलाखाली एक शाळा आहे, हे रोज तिथून जाणाऱ्या कितीजणांना माहीत असेल? जून २०१६ मध्ये ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी ही सिग्नल शाळा सुरू केली. वर्ग भरतात मालवाहू कंटेनरमध्ये. पोरं बहुतेक पारधी. दुष्काळाने गाव सोडायला लावलेल्या, मराठवाडा-सोलापूरकडून आलेल्या कुटुंबांतली. रात्री उशिरापर्यंत सिग्नलवर विक्री, मग तिथेच झोप. म्हणून इथे पहिला तास गणिताचा नाही, आंघोळीचा! मग युनिफॉर्म, मग नाश्ता, मग फळा. आपण वीकएन्डला ‘वेलनेस’साठी स्पाचं पॅकेज घेतो, इथे बादलीभर पाणी आणि गरम खाणं मिळालं, की पोर अभ्यासाला बसतं. घरी बोलतात ती पारधी बोली, गुजरातीच्या वळणाची. त्यामुळे पुस्तकातली मराठी आधी परकीच. तरी इथली मुलं दहावी पास झाली. पुढे रोबोटिक्सची लॅबही आली.

तुम्ही म्हणाल, छान समाजकार्य, पण यात न्याय-अन्यायाचा प्रश्न कुठला? तो त्या ओढून घेतलेल्या पर्सचाच आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींनाच जन्मजात गुन्हेगार ठरवलं. पारधीही पुढे त्या यादीत गेले. चोरी केली असो-नसो, पोलिसांकडे हजेरी लावायची. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड सेटलमेंटच होती. देश स्वतंत्र झाला १९४७ मध्ये. या लोकांवरचा कायदा उठला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून ते ‘विमुक्त’. कागदावर! ऑक्टोबर २०२४ मध्ये, पत्रकार सुकन्या शांता यांच्या तुरुंगातल्या जातिभेदावरच्या याचिकेत, सुप्रीम कोर्टाला पुन्हा बजावावं लागलं, की विमुक्त जमातींच्या लोकांना पोलिसांनी मनमानी अटक करू नये.

पोलिसांचं सोडा, आपलं काय? कल्याणच्या पुढे आंबिवली म्हटलं, की डब्यात लगेच कुणीतरी ‘इराणी वस्ती’ म्हणतं आणि हात मंगळसूत्राकडे जातो. त्या वस्तीतही सकाळी पोरं दप्तर घेऊन निघत असतील, हे कुणाच्या मनातही येत नाही. एखाद्या टोळीला पकडणं वेगळं आणि अख्ख्या वस्तीला टोळी म्हणणं वेगळं. एवढं साधं गणित आपल्याला, एवढे शिकून, जमत नाही.

बरं, सवलती आहेत ना? आहेत. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात. पण दाखला काढायचा तर पुरावे हवेत, पत्ता हवा. पुलाचा कितवा खांब लिहिणार फॉर्मवर?

मला जास्त काळजी वाटते ती दहावीनंतरची. कंटेनरमध्ये बाई आहेत, डबा आहे, नावाने हाक मारणारं कुणीतरी आहे. उद्या हीच पोरं नोकरीला लागतील आणि डोंबिवली-कल्याणला भाड्याने खोली बघायला येतील. आमच्याकडे घरमालक आधी आडनाव विचारतात. ते ऐकून मालकाचा चेहरा खुलेल, कारण पारध्यांतही आडनावं पवार, काळे, भोसले, शिंदे, चव्हाण अशीच असतात. “अरे वा, पवार का? या, बसा.” चहासुद्धा येईल.

मग विचारतील, “गाव कुठलं?” आणि मग, जरा आवाज खाली आणून, “म्हणजे नेमके कुठले पवार?”