हद्दीबाहेरचा छळ

आज रात्री सर्व्हरसाठी नव्या नियमाचा मसुदा लिहून काढला. माइनक्राफ्टमध्ये जमीन आपल्या नावावर केली, की आमच्याकडे परक्याला तिथला ठोकळाही हलवता येत नाही. पण काही जण हद्दीबाहेर उभे राहून छळतात. दाराला लागून ऑब्सिडियनची भिंत, चहूबाजूंनी लाव्हा. ऑब्सिडियन लवकर फोडायला निदान हिऱ्याची कुदळ लागते. नवख्या पोरांकडे ती कुठून असणार? ती पोरं निमूट सर्व्हर सोडून जातात. याचंच मला फार वाईट वाटतं. नियमच नसलेला टूबीटूटी सर्व्हर २०१० पासून चालू आहे, पण तिथे जाणारा ते ठाऊक असूनच जातो.

माझं म्हणणं एवढंच: कुणाच्या हद्दीला लागून, त्याला न विचारता, वाट अडेल असं काही रचायचं नाही. पहिल्यांदा समज, पुन्हा केलं तर आठवडाभर बंदी. कुणी, कधी, कोणता ठोकळा ठेवला ते कोअरप्रोटेक्ट या प्लगइनच्या नोंदींत दिसतं, सगळं पूर्ववतही करता येतं. हेतू मात्र दिसत नाही. शेजाऱ्यानं मदत म्हणून बांधलेला पूल आणि मुद्दाम घातलेली भिंत, नोंदीत दोन्ही सारखीच. तिथे दोघांचं ऐकूनच ठरवायला हवं, आणि ठरवणारा दोघांपैकी कुणाचाही मित्र नसावा. हे कलम मी सर्वांत वर घालणार आहे.