नातेमार्गे रायगड

डिसेंबरच्या सुट्टीत आमचा तीन गाड्यांचा काफिला महाडहून रायगडाकडे निघाला. महाड पूर्वी सावित्रीवरचे बंदर. घाटावरून मालाच्या बैलांचे तांडे इथे उतरत. गडाच्या वाटेवर नाते लागते. बहुतेक गाड्या पुढे निघून जातात. आम्ही थांबलो, थर्मासमधला चहा काढला. भात निघालेल्या शेतांत वाल उगवला होता, धुके अजून विरले नव्हते.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ मध्ये याच गावचा. पुढे ते देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी ते पद सोडले. एवढ्याशा गावातून!

परतताना महाडमध्ये असरची नमाज अदा करून चवदार तळ्यावर गेलो. मार्च १९२७ चा सत्याग्रह मुलांना ठाऊक होता. त्याच डिसेंबरातल्या परिषदेसाठी बाबासाहेबांना जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने स्वतःची जागा दिली, हे मात्र आपल्या घरांतही क्वचितच सांगितले जाते. दादीने ते नाव मुलांकडून दोनदा म्हणवून घेतले. मग मगरिबच्या आत घर गाठायचे म्हणून सगळ्यांना गाडीत बसवले.