कुठे दाखवलं?

चतुर्थीला आम्ही सगळी भावंडं गावी जमतो. दुसऱ्या दिवशी आरती झाली, पंगत उठली की चुलत-आते सगळे पडवीत पाय पसरून बसतो आणि जुनं बोलणं निघतं. मागे एकदा असाच विषय निघाला, कोण कुठे जन्मलं? आम्ही नऊ जण. बोटांवर मोजलं. थोरला दादा, ताई आणि अक्का या तिघांचा जन्म याच घरातला, माजघरामागच्या बाळंतिणीच्या खोलीतला. आम्ही चौघं परळच्या वाडिया हॉस्पिटलातले. धाकट्या आत्याची दोन्ही मुलं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातली. आमच्या मुलांत मात्र घरी जन्मलेलं एकही नाही.

एका पडवीत मोजलेला हा हिशेब साऱ्या महाराष्ट्राचा आहे. 1992-93 च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली निम्म्याहून कमी बाळंतपणं दवाखान्यात होत होती. 2019-21 च्या पाहणीत शंभरातली जवळपास 95 दवाखान्यात झाली. आमच्या आईवडलांची पिढी घर आणि दवाखाना या दोन टोकांच्या मधोमध जगली.

कुणाला बरं नाही असं कळलं की आपण पहिल्यांदा विचारतो, “कुठे दाखवलं?” आमच्याकडे कोकणात म्हणतात, “खंय दाखयलास?” या प्रश्नाच्या उत्तरातून आजार थोडा कळतो आणि माणूस पुष्कळ कळतो. तो गावात राहतो की मुंबईत, नोकरीत कायम आहे की बदली, बाई आहे की पुरुष, हाताशी किती आहे आणि सोबत जाणारं कोण आहे. आमच्या घरातल्या त्या पिढीचं आयुष्य आठवू लागलो की मला हा प्रश्नच आठवतो.

आजीपासून सुरुवात करायची तर तिने कुठेच दाखवलं नाही. दवाखाना खाडीपलीकडे तालुक्याला. तरीवरून पलीकडे जायचं आणि पुढे चालत किंवा मिळाली तर एसटी. पावसाळ्यात खाडी फुगली की तर बंद. घरच्या औषधांत अडुळसा, गुळवेल, सुंठ, वेखंड. त्याने उतरलं नाही तर वैद्यबुवा, आणि त्यानेही नाही तर देवळात जाऊन कौल. गावात पुरुष आजारी पडला तर चार माणसं डोली करून त्याला खाडीपर्यंत नेत. बाईच्या दुखण्याला डोली निघालेली दादाला आठवत नाही. आजीचे गुडघे सुजत, रात्री ती भिंतीला टेकून बसून असे. विचारलं की म्हणायची, “माका काय्येक जाला नाय. उगीच पैशे घालवू नकात.” लहानपणी आम्ही ते खरं मानलं. आज कळतं की पैसे कुणावर घालवायचे याचा क्रम घरात ठरलेला होता, आणि स्वतःचं नाव तिने त्यात सगळ्यात शेवटी धरलं होतं.

आयुष्यात तिला एकदाच डॉक्टर भेटला, तोही गावात आला म्हणून. हायस्कुलात नेत्रशिबिर भरलं होतं. बाकं जोडून वॉर्ड केला होता. आजीचा मोतीबिंदू काढला, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधली आणि नंतर जाड भिंगाचा चष्मा मिळाला. चष्मा लावल्यावर तिने पहिल्यांदा माझ्या धाकट्या बहिणीला जवळ ओढून तिचे नाक-डोळे बोटांनी चाचपत नीट पाहिले. दवाखाना दारात आला तेव्हा आजीने नाही म्हटलं नव्हतं. ही गोष्ट मी कधी विसरलो नाही.

दादा, ताई, अक्का ज्या खोलीत जन्मले तिथे सुईण यायची ती दुसऱ्या वाडीतून. रात्री-अपरात्री कंदील घेऊन माणूस गेला की ती निघायची. हंडाभर पाणी तापवायला सांगायची, बाळाची नाळ कापायची, बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायची, शेक-शेगडी बघायची. मागच्या दाराने यायची आणि मागच्या दाराने जायची. आमच्या पंगतीला ती कधी बसली नाही, बसवली गेली नाही. शेर-दोन शेर तांदूळ, एक लुगडं आणि नारळ एवढी तिची बिदागी. आमच्या घरातल्या तीन जीवांना जगात पहिला हात तिचा लागला. तिला बरं नसलं तर ती कुठे जाते, हे आमच्यातल्या कुणी कधी विचारलं नाही. तिच्या वाडीपर्यंत तेव्हा गाडीरस्ताही नव्हता. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

आमचे बाबा आणि काका मुंबईला गेले आणि घराचा दवाखाना बदलला. लालबागची 10 बाय 12 ची खोली, दारात गॅलरी, टोकाला सामाईक नळ आणि संडास. खिडकीतून गिरणीचं धुराडं दिसे. गिरणगावात येऊन पडलेल्या कोकणी माणसाच्या नशिबी दाटीवाटी आणि रातपाळी आली, पण एक गोष्ट भाग्याची झाली. मुंबईतली मोठी इस्पितळं त्याच्या चालण्याच्या अंतरावर होती. महापालिकेचं केईएम 1926 साली सुरू झालं. गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी त्याच्या कॉलेजला देणगी देताना शिकवणारे डॉक्टर भारतीय असावेत अशी अट घातली होती. गिरणी कामगारांच्या बायकांची बाळंतपणं व्हावीत म्हणून वाडियांनी त्याच परिसरात प्रसूतिगृह काढलं आणि 1929 मध्ये मुलांचं इस्पितळ. 1941 मध्ये तिथेच टाटा मेमोरियल उभं राहिलं. आईला कळा सुरू झाल्या तेव्हा शेजारच्या मावशींनी तिला हाताला धरून चालत वाडियात नेलं होतं. गावात राहिलेल्या तिच्या जावेला, दादाच्या आईला, तेच दुखणं बाळंतिणीच्या खोलीत काढावं लागलं होतं. एकाच घरात आलेल्या दोन सुना. एकीचा नवरा तिला मुंबईला घेऊन गेला आणि एकीला शेती बघायला गावी ठेवलं, एवढाच दोघींतला फरक.

खोलीतही सगळे एका दवाखान्याचे नव्हते. बाबा साचेखात्यात कायम होते. त्यांच्या पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पैसे कापले जात आणि त्यांच्याकडे कार्ड होतं. ते कार्ड देव्हाऱ्याच्या फळीवर, रेशनकार्डाशेजारी ठेवलेलं असे. बाबांना ताप आला की ते कार्ड घेऊन नाक्यावरच्या पॅनल डॉक्टरकडे जात. कंपाउंडर लाल मिक्श्चर बाटलीत ओतायचा आणि बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा. एक दात म्हणजे एक डोस. काका कार्डिंगला बदली कामगार. रोज गिरणीच्या दारावर उभं राहायचं, कुणी खाडा केला तर आत जायचं. जेवढे दिवस भरत तेवढीच वर्गणी, आणि दिवस कमी भरले की कार्डाचा भरवसा नाही. मग ते केईएमची ओपीडी गाठत. पहाटे केसपेपरची रांग, दुपारी औषधाची रांग. तेवढ्यात त्या दिवसाची बदली गेलेली असे. म्हणून काका जातच नसत.

खरं तर छाती काकांचीच जास्त बिघडली होती. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला त्यांचा श्वास आवळायचा आणि आठवडा सरत जाई तसा जरा मोकळा व्हायचा. घरात सगळे म्हणत, सुट्टीला गार खाल्लं, बाधलं. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या विकाराची ही ओळखीची खूण आहे, हे मला फार उशिरा, वाचून कळलं. ज्याच्या फुप्फुसात धूळ जास्त जात होती त्याच्या हातात कार्ड नव्हतं.

काकू खोलीतच खानावळ चालवायची. दोन वेळचे 12 डबे. तिला मालक नव्हता, हजेरी नव्हती, मग कार्ड कुठून असणार? कंबर धरली की कोपऱ्यावरच्या दुकानातून एक गोळी आणायची आणि चपात्या लाटायला बसायची. नवऱ्याला, मुलांना, गावाहून आलेल्या पाहुण्यांना दाखवायला तिने केईएमच्या किती खेपा घातल्या त्याची गणती नाही. स्वतःच्या नावाचा केसपेपर तिने पन्नाशी उलटेपर्यंत काढला नव्हता.

गावाहून येणारे ते पाहुणे म्हणजे आमच्या खोलीचं मोठं कार्य होतं. गावात कुणाचं मोठं दुखणं निघालं की चिठ्ठी यायची, नाहीतर माणूसच एसटीतून उतरून पिशवीसकट दारात उभा. कुणाला केईएमला दाखवायचं, कुणाला तोंडात गाठ आली म्हणून टाटाला. रोग्याला पलंगाखालची जागा, सोबत्याला गॅलरी. आम्ही मुलं डबे पोचवायचो. कुठला वॉर्ड, कोणत्या वेळी सोडतात, कुठल्या मामांना सांगितलं की आत घेतात, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. गावात ज्याच्या घरचं कुणी मुंबईत होतं त्याला परळचं इस्पितळ होतं. ज्याचं कुणी नव्हतं त्याच्यासाठी तेच इस्पितळ फार लांब होतं.

एक आठवण घरात अजून हळू आवाजात निघते. धाकटी आत्या लग्नाची होती आणि तिला खोकला लागला. एक्स-रेत डाग निघाला. केईएम दहा मिनिटांवर, क्षयरोगाचं इस्पितळ शिवडीला, तेही जवळच. पण चाळीत शिवडी हा शब्द उच्चारला तरी लग्न मोडलं असतं. आमच्या गावचं कुणीही राहत नाही अशा लांबच्या उपनगरात बाबांनी एक खासगी डॉक्टर शोधला. दीड वर्ष आई आत्याला घेऊन लोकलने जायची. शेजाऱ्यांना सांगायची, शिवणक्लास लावलाय. इंजेक्शनं, गोळ्या, फी, भाडं यांत आईच्या दोन बांगड्या गेल्या. आत्या बरी झाली, तिचा संसार झाला. फुकट मिळणारं औषध टाकून विकतचं घ्यावं लागलं, ते रोगामुळे नव्हे, लोक काय म्हणतील या धाकाने.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आमचे दोघं. पगार थांबला, वर्गणी थांबली आणि काही महिन्यांनी कार्डाचा हक्कही संपला. बाबांनी कार्ड देव्हाऱ्याच्या फळीवरून काढलं नाही. काका गावी परतले आणि तिथेच खोकत गेले. शेवटच्या पावसाळ्यात त्यांना तालुक्याला न्यायचं ठरत होतं, तेवढ्यात खाडी भरली. पुढे खोली विकून आम्ही नालासोपाऱ्याला गेलो. घराखालीच दोन नर्सिंग होम होती, पण तिथे आधी अनामत भरावी लागे. दम लागला तरी बाबा पहाटेची लोकल पकडत, एल्फिन्स्टनला उतरत आणि पूल चढून केईएमच्या रांगेत उभे राहत. म्हणायचे, “तिथे आपल्याला कोण हाकलणार नाही.” ज्या इस्पितळाशेजारी त्यांचं उभं आयुष्य गेलं, ते म्हातारपणी दीड तासावर गेलं होतं.

आता मागे राहिलंय ते गाव. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. 2011 च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे सिंधुदुर्गात 1036 आणि रत्नागिरीत 1122 बायका निघाल्या. या आकड्यांत मला आमचीच वाडी दिसते. कर्ते बाहेर, आणि घरात म्हाताऱ्या आया, काकवा, वहिनी. खाडीवर पूल झाला, आशाताई दारात येतात, 108 ला फोन केला की गाडी येते, फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड आलं. मोठं दुखणं निघालं की आमच्याकडे “बांबोळी” म्हणतात. गोव्याच्या त्या वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा 1842 पासूनची, आणि सिंधुदुर्गाला मुंबईपेक्षा तेच जवळचं. 2018 च्या सुरुवातीला तिथे परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा अनेक घरांना एकदम कळलं की आपण दुसऱ्या राज्याच्या आधारावर जगतो आहोत. अलीकडे जिल्ह्यातच ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं, हे चांगलं झालं. तिथे डॉक्टर टिकले पाहिजेत, एवढंच मागणं आहे.

पण पूल, गाडी, कार्ड सगळं असून गावातली आमची वहिनी कुठे दाखवत नव्हती. यंदा चतुर्थीला तिच्या पायाची जखम अक्काच्या लक्षात आली. साखर किती महिने तपासली नव्हती कुणास ठाऊक. विचारलं, “वहिनी, कुठे दाखवलंस?” तर म्हणाली, “माका काय जाला नाय गो.” शब्द आजीचेच. आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनी परतीची तिकिटं रद्द केली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तिला ओरोसला नेलं, आणि केसपेपर तिच्या नावाचा निघाला.

तुम्हीही सणाला गावी जाल. आईला, काकूला, वहिनीला, आणि तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या पण पंगतीला न बसलेल्या त्या दुसऱ्या वाडीतल्या मावशीलाही हाच प्रश्न विचारा, कुठे दाखवलं? आणि “काय जाला नाय” असं उत्तर आलं तर परतीची गाडी एक दिवस पुढे ढकला.